भाऊ शारजात, पासपोर्ट भलत्याकडेच: वकिलातीकडून नक्की काय मिळतं?

अग्रणीकाठ (कवठे महांकाळ)

नमस्कार मंडळी. मी एरवी द्राक्षाच्या धाग्यांवर असतो, छाटणी आणि डाऊनी सोडून इथे फारसं काही लिहिलेलं नाही. आज काम वेगळं आहे.

धाकटा चुलतभाऊ, शिक्षण नववीपर्यंत, हात मात्र गाडीवर पक्का बसलेला. तालुक्यातल्या एका एजंटाने त्याला दुबईत गोदामात नोकरी सांगितली. "आत्ता व्हिजिटवर जा, तिकडं पोचल्यावर व्हिसा चेंज करून देतो." पैसे फोनपेवर घेतले, पावती नाही. तिकडे उतरल्यावर एजंटाच्या माणसाने "स्टँपिंगला पाहिजे" म्हणून पासपोर्ट काढून घेतला. नोकरी नाही, व्हिसाची मुदत संपलेली, आणि पोरगं शारजात एका खोलीत बसून आहे. तो माणूस म्हणतो, आधी पैसे द्या मग पासपोर्ट.

काका म्हणतात पालकमंत्र्यांकडून फोन लावू. गावातलं कोणी म्हणतं वकिलातीत गेला तर तिथूनच पोलिसात देतील. खरं काय? कुणी या वाटेने गेलेलं असेल तर सांगा.

भडंग (सांगली)

पालकमंत्र्यांच्या पीएकडून पत्र नक्की मिळेल. ते फ्रेम करून ठेवा. शारजाच्या इमिग्रेशनवाल्याला ते मराठी पत्र वाचता येणार नाही एवढंच.

शारजा_रिटर्न (कराड)

भडंगराव, थांबा जरा. अग्रणी, पहिलं एक सांगा. त्याच्या पासपोर्टचा फोटो घरी कुणाच्या मोबाईलमध्ये आहे का? पुढचं पानही पाहिजे आणि मागचं पण, आईवडिलांची नावं, पत्ता आणि फाईल नंबर असतो ते. आणि व्हिसाची पीडीएफ?

अग्रणीकाठ

आहे दादा. एजंटला पाठवलेले दोन्ही फोटो व्हॉट्सॲपवर सापडले. व्हिसाचा कागद भावाच्याच मोबाईलमध्ये आहे.

शारजा_रिटर्न (कराड)

मग बरंच काम झालं. नीट वाचा.

शारजा हे दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं. दुबई, शारजा, अजमान आणि वरच्या सगळ्या अमिराती दुबईकडे, अबुधाबी तेवढं अबुधाबीच्या दूतावासाकडे. पोराला उगाच अबुधाबीला पाठवू नका. कामगारांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथला टोल फ्री ८०० ४६३४२. फोनवर शेवटचे पाच आकडे दाबताना अक्षरं बघितली तर इंडिया असं होतं. हिंदीत बोलता येतं. आधी फोन करायचा, काय काय घेऊन यायचं ते विचारायचं, मग जायचं.

पासपोर्ट दुसऱ्याने दाबून ठेवणं तिथेही बेकायदा आहे, आणि आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. एजंटाच्या माणसाला ही गोष्ट भावाने एकदा शांतपणे सांगावी, कॉन्सुलेटमध्ये आणि पोलिसात जातोय म्हणून. बऱ्याच वेळा तेवढ्याने पासपोर्ट बाहेर येतो. मी स्वतः शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात दोघा-तिघांचे असे निघालेले पाहिलेत. नाही निघाला तर पोलिसात तक्रार, त्याचा कागद, आणि मग आउटपास.

आउटपास म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. भारतात परत येण्यापुरता, एकदाच चालणारा कागद. त्यासाठी तो भारतीय आहे हे पटवावं लागतं, आणि पासपोर्टचा नंबर हाताशी असला की पडताळणी लवकर होते. म्हणून फोटो विचारला. फोटो नसता तर मतदान कार्ड, शाळेचा दाखला असलं काहीतरी पाठवत बसावं लागलं असतं आणि सगळं इकडून पडताळून तिकडे जाईपर्यंत दंड वाढला असता.

दंड वेगळा. व्हिसाची मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिऱ्हम. तो तिथल्या सरकारचा, वकिलातीला माफ करता येत नाही. मधूनमधून तिथलं सरकार माफीची मुदत जाहीर करतं, २०२४ ला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी होती, पण तिच्या भरवशावर बसून राहू नका.

पोलिसात देतील ही भीती सोडा. नुसती मुदत संपलेली असेल तर कागद घेऊन, दंड भरून, इमिग्रेशनमधून सुटका होते. अडचण कुठे येते, तर ज्याने व्हिसा काढला त्या ट्रॅव्हल कंपनीने "माणूस पळाला" अशी नोंद करून ठेवलेली असते. ती आहे का, हे सगळ्यात आधी बघायला सांगा.

पोवई_नाका (सातारा)

लिहायला ठीक आहे शारजावाले, पण प्रत्यक्षात? माझा मेहुणा एका आखाती देशात अडकला होता. तिथल्या आपल्या कार्यालयात गेला तर आधी गेटवर उभा, मग "उद्या या", मग "कंपनीशी बोला". कंपनीशी बोलायची सोय असती तर तो तिथं आला कशाला असता? शेवटी रूममेट लोकांनी वर्गणी काढून तिकीट काढून दिलं. पांढरपेशा सायबाला एक वागणूक आणि गवंड्याला दुसरी, हे इथेही आहे आणि तिथेही.

शारजा_रिटर्न (कराड)

नाकेवाले, तसं होतं, नाही म्हणत नाही. गेटवरचा माणूस हा जगात सगळीकडे गेटवरचाच माणूस असतो. पण तुमच्या मेहुण्याने तक्रार लेखी दिली होती का? नंबर मिळाला होता का?

पोवई_नाका (सातारा)

तोंडीच असणार. तो बिचारा सही करण्यापुरता शिकलेला.

खटावची_लेक (सध्या पुणे)

तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार, हे माझं नोकरीतलं मत. परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल २०१५ पासून आहे. ते घरच्यांना इथूनही भरता येतं, भावाने तिकडून भरायची गरज नाही. मोबाईल नंबर टाकून खातं उघडायचं, कुठला देश, काय अडचण, कागद जोडायचे. नोंदणी नंबर मिळतो आणि तक्रार त्या देशातल्या आपल्या कार्यालयाकडे जाते. उत्तर आलं नाही तर वर चढते. गेटवरून हाकलता येतं, नंबर पडलेल्या फाईलला हाकलता येत नाही.

अग्रणी, इंग्रजीत लिहावं लागतं म्हणून घाबरू नका. चार ओळी पुरतात. नाव, पासपोर्ट नंबर, तिथला मोबाईल नंबर, तिथला पत्ता, पासपोर्ट कोणाकडे आहे, काय पाहिजे. कहाणी नको. दिल्लीच्या सहायता केंद्राचा टोल फ्री १८०० ११ ३०९० आहे, तोही जवळ ठेवा.

येरळाकाठ (माण)

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण हे वाचून लिहावंसं वाटलं.

माझे दाजी सौदीत गेले, म्हणजे वारले. रियाधपासून लांब एका साईटवर, झोपेत. मालक सुरुवातीला म्हणाला तिथेच दफन करू. आम्हाला तर कुठे काय करायचं हेच कळेना. दहिवडीच्या एका सरांनी मदद भरून दिलं. त्यानंतर दूतावासातून फोन आला, मराठी नव्हते पण हिंदी चांगलं बोलत होते. बहिणीकडून मुखत्यारपत्र मागितलं, मृतदेह आणि थकलेला पगार कोणी ताब्यात घ्यायचा ते लिहून, नोटरी करून. ते दहिवडीत झालं. तिकडे मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, एम्बामिंगचं (मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, दूतावासाचं एनओसी, आणि पासपोर्ट रद्द करून दिला. एवढं झाल्याशिवाय विमानाचं कार्गो घेत नाही. मुंबईला कार्गोमधून आम्ही ताब्यात घेतलं आणि रात्रीतून गावाला आणलं.

खर्च मालकाने द्यायचा असतो. नाही दिला तर दूतावासाकडे त्यासाठी कल्याण निधी आहे, पण ऐपत नाही हे बघून देतात. आमच्यात शेवटी मालकानेच दिला, दूतावासाचं पत्र गेल्यावर.

एक मात्र सांगतो. दाजी नोंदणीकृत एजंटाकडून, ईमायग्रेटवर (परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर) करार होऊन गेले होते. त्यामुळे विमा होता, प्रवासी भारतीय बिमा योजना. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये असतो, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यूला दहा लाख. दाजींचा नैसर्गिक म्हणून तो मिळाला नाही, पण करार सरकारकडे नोंदलेला असल्यामुळे थकलेला पगार मागताना कंपनीला नाही म्हणता आलं नाही. वारस दाखल्याला मात्र इकडे वेळ लागला.

अग्रणीकाठ

येरळाकाठ, वाईट वाटलं. बहिणीला सांभाळा.

माझ्या भावाचं ईमायग्रेट वगैरे काही झालेलंच नाही मग?

खटावची_लेक (सध्या पुणे)

व्हिजिटवर गेला म्हणजे नाही झालं. त्यासाठीच तर व्हिजिटवर पाठवतात. दहावी नसलेल्याचा पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा. आखातासह १८ देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, मालकाला करार द्यावा लागतो, विमा काढावा लागतो. पर्यटक म्हणून पाठवला की एजंटाचं सगळं वाचतं. आणि नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. तुमच्याकडून किती घेतले?

अग्रणीकाठ

न सांगितलेलं बरं. एक म्हैस विकली आणि वर सोसायटीचं कर्ज.

भडंग (सांगली)

माफ करा अग्रणी, पहिला प्रतिसाद थट्टेत लिहिला. आमच्या ओळखीचे एक दुबईत आहेत, देरा भागात, नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो. भावाला कॉन्सुलेटपर्यंत सोबत जातील.

कोर्टाची_पायरी (सातारा)

थोडं कायद्याचं. वकिलातीकडून काय मिळत नाही हे आधी समजून घेतलं तर पुढचा राग कमी होतो. वकिलात तुमच्यासाठी तिथल्या कोर्टात उभी राहत नाही, वकिलांची यादी देते. तुरुंगातून सोडवत नाही. तिथल्या पोलिसांना हुकूम देत नाही. तिचा हक्क एवढाच की आपल्या नागरिकाला अटक झाली तर त्याला भेटायचं, त्याच्याशी बोलायचं, वकील मिळवून द्यायची व्यवस्था करायची. हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये आहे.

एवढाच म्हटलं, पण तो किती मोठा आहे ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. कुलभूषण जाधव यांचा जन्म सांगलीचा आणि मूळ गाव आनेवाडी. ते पाकिस्तानच्या अटकेत, २०१६ च्या मार्चपासून भारत त्यांची भेट मागत होता आणि पाकिस्तान नाकारत होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताचा सगळा भर याच कलमावर होता. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला की पाकिस्तानने कलम ३६ मोडलं. त्यानंतर २ सप्टेंबरला आपल्या अधिकाऱ्याची भेट झाली. हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेतली हे सगळ्यांना पाठ आहे, कलम मात्र कुणाला आठवत नाही.

पोवई_नाका (सातारा)

वकीलसाहेब, तिथं अख्खा देश मागे होता. गवंड्याच्या मागे कोण?

कोर्टाची_पायरी (सातारा)

प्रश्न रास्त आहे. पण कलम दोघांना एकच आहे. फरक एवढाच की गवंड्याला ते माहीत नसतं. अटक झाल्यावर "माझ्या वकिलातीला कळवा" हे त्याने स्वतः म्हणायचं असतं. इंग्रजीत "इंडियन एम्बसी" एवढे दोन शब्द म्हणता आले तरी पुरे. जाणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांनी हे शिकवून पाठवावं.

कोरेगावकर_काका (कोरेगाव)

पोवई नाका यांना एक सांगतो. मी १९९० ला कुवेतमध्ये होतो. सद्दामचं सैन्य आलं तेव्हा आमच्यात इंजिनिअर होते, गवंडी होते, नर्स होत्या. इराकमधून बसने जॉर्डनला, अम्मानबाहेर तंबूत. तिथून एअर इंडियाने उचललं. पुढे पेपरात आलं की ४८८ उड्डाणं झाली, एक लाख सत्तर हजारांवर माणसं आणली. त्या विमानात मला कुणी डिग्री विचारली नाही. पासपोर्टही काहींकडे नव्हते, कागद तंबूतच करून दिले.

पण खरं सांगायचं तर संकट मोठं असलं की सरकार धावतं, एकट्याचं असलं की रांग लागते. म्हणून एकट्याने कागद जास्त सांभाळायचे.

सिस्टर_मिरज

काकांशी सहमत. कागदांवरून थोडं अवांतर. मी अबुधाबीला जायच्या तयारीत आहे, दवाखान्यात नोकरी. सर्टिफिकेटं आधी मंत्रालयातून, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, मग तिकडे पोचल्यावर त्यांचं मंत्रालय. माझी मैत्रीण ओमानला गेली तिचं ॲपोस्टिलवर, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या एकाच शिक्क्यावर, भागलं. कारण ओमान ॲपोस्टिलच्या हेग करारात आहे, आपला देशही २००५ पासून आहे, यूएई, कुवेत, कतार नाहीत. मिरजेतल्या एका एजंटाने मला "सगळीकडे ॲपोस्टिल चालतं" सांगून पैसे मागितले होते. विचारून घ्या, देश बघून घ्या.

माहुलीची_सून (सातारा)

अवांतरात माझी भर. सासूबाईंना अमेरिकेत नातवाकडे न्यायचंय. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेचा दाखला नाहीच. पासपोर्टवर सगळं नाव "गिव्हन नेम"च्या रकान्यात आणि आडनावाचा रकाना रिकामा. एजंटने तसाच भरून दिला होता. आता काय?

शारजा_रिटर्न (कराड)

ताई, आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, व्हिसा नंतर. अमेरिकेचा व्हिसा एकाच नावावर मिळतो, पण त्यावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू छापून येतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. मग तिकीट आणि व्हिसा जुळवताना घोळ. आणि वाटेत दुबईत उतरून चार दिवस भाचीकडे राहायचा विचार असेल तर २१ नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर यूएईचा व्हिजिट व्हिसा देत नाहीत, तेही आधी विचारून घ्या.

आपल्या नावात नवऱ्याचं नाव मध्ये असतं. ते सासूबाईंच्या नावापुढे गिव्हन नेममध्ये, आडनाव सरनेममध्ये. तिकीट काढतानाही अगदी तसंच. फॉर्म स्वतः भरा, अपॉइंटमेंट साताऱ्याच्या पोस्टातल्या केंद्रात घ्या, फाईल पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखालीच येते.

गलाईवाला (विटा)

आमच्याकडे निम्मं गाव गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्याने बाहेर. नेपाळात असलेल्यांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना आधार दाखवून अडकलेले बरेच आहेत. पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं. पंधराच्या आतले आणि पासष्टच्या वरचे असतील तर दुसरं फोटोचं ओळखपत्र चालतं. एवढंच, तुमचं चालू द्या.

अग्रणीकाठ

अपडेट देतो.

भडंग यांच्या ओळखीचे गृहस्थ भावाला घेऊन गेले. त्याआधी मी इथून मदद भरलं, खटावच्या ताईंनी सांगितल्या तशा चार ओळी. नंबर भावाला पाठवला, तो तिथे दाखवला. "पळाला"ची नोंद नव्हती, नशीब. पासपोर्टचा फोटो होता म्हणून फारसे प्रश्न झाले नाहीत.

मजा म्हणजे कॉन्सुलेटमध्ये गेल्याचं त्या माणसाच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट खोलीच्या दारात ठेवून गेला. त्यामुळे आउटपासची गरजच पडली नाही. दंड मात्र भरावा लागतोय. तिकिटाचं काका बघतायत. गृहस्थांनी दंडाला उसने दिले, ते इकडे त्यांच्या भावाला देणार.

आता काकांचा सगळा राग एजंटावर. मारायला निघाले होते, बसवलं. त्याच्यावर काय करता येईल?

कोर्टाची_पायरी (सातारा)

मारू नका, नाहीतर पुढचा धागा काकांवर काढावा लागेल.

नोंदणी नसताना परदेशात नोकरीला माणसं पाठवणं हा १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याच्या कलम १० चा भंग आहे. ईमायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, त्यात हा नाही याची प्रिंट काढा. तक्रार दोन ठिकाणी. एक सांगलीच्या पोलीस अधीक्षकांकडे, फसवणुकीची आणि या कायद्याखाली. दुसरी मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे, पहिलीची प्रत जोडून. मदद नंबरही दोन्हींत टाका. पोलीस ठाण्यात "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवायचा प्रयत्न होईल, तेव्हा कलम तोंडी नाही, अर्जात लिहिलेलं दाखवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. भाऊ आल्यावर त्याचा जबाब लागेलच. त्याच एजंटाने आणखी कुणाला पाठवलं असेल तर त्यांनाही बरोबर घ्या, एकट्याची तक्रार रेंगाळते.

अग्रणीकाठ

ढालगावकडची अजून दोन पोरं आहेत, त्याच एजंटाची. एक अजून तिकडेच आहे. त्यांच्या घरी उद्या जातो, त्याच्याही पासपोर्टचा फोटो आहे का बघतो.

पैशाला पुरावा म्हणजे फक्त फोनपे. त्याचे स्क्रीनशॉट चालतील का?

कोर्टाची_पायरी (सातारा)

स्क्रीनशॉट ठेवा, पण तेवढ्यावर राहू नका. बँकेतून खात्याचा उतारा काढा, शिक्का मारून. आणि एजंटाबरोबरचं व्हॉट्सॲप कुणी डिलीट करू नका, काकांनी शिव्या दिलेल्या असल्या तरी.